वर बरोबर, खाली चार बोटं

चार बोटं म्हणजे अंगठा सोडून.

*

नियम ३१. तीन घंटा: पाणी पुरे.

*

भिंग घासताना मधेच हात थांबवला तर त्या जागी एक डाग राहतो. तो चष्मा घालणाऱ्याला दिसत नाही, पण संध्याकाळी त्याचं डोकं दुखतं. हे मला ताईने सांगितलं.

*

"आपल्या विभागातील ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्यास बसण्यास होणारा त्रास विचारात घेऊन उंच बैठकीची एक खुर्ची मंजूर करण्यात येत आहे. पोच द्यावी."

*

नवा दोर नव्या चपलेसारखा असतो. सैलावतो.

*

टेकडीवरून खाली जाणाऱ्या जिन्याला तीनशे बारा पायऱ्या आहेत आणि मधे एकच बाक.

*

आता नीट सांगते. नाहीतर तुम्हीही मुख्य कार्यालयासारखं भलतंच समजाल.

आमच्या शहराचे दोन भाग आहेत, एक टेकडीवर आणि एक टेकडीखाली. दोघांच्या मधे तीव्र उतार आहे आणि त्या उतारावर आमची गाडी चालते. पाटीवर 'फ्युनिक्युलर' असं लिहिलंय, पण तो शब्द पाटीनेच वापरावा. लोक म्हणतात दोरगाडी. दोन डबे, एक दोर. दोर वरच्या यंत्रघरातल्या मोठ्या चाकावरून जातो. त्याच्या एका टोकाला एक डबा, दुसऱ्या टोकाला दुसरा. एक खाली गेला की दुसरा वर येतो. दोघे बरोबर मध्यावर एकमेकांना भेटतात, तिथे रूळ दुभंगतात, बाजूने निघून जातात आणि पुन्हा एक होतात. तीन मिनिटं चाळीस सेकंद. बास, एवढीच गाडी.

डब्यांना नावं आहेत. जो आधी बांधला ती थोरली. जो चार महिन्यांनी आला ती धाकटी. डबा पुल्लिंगी आणि नावं बाईची, हे का, ते कोणाला ठाऊक नाही. मी लागले तेव्हापासून असंच आहे.

मी वर यंत्रघरात बसते. गाडी मी चालवते. लोकांना वाटतं, डब्यात टोपी घालून उभा असतो तो चालवतो. त्याच्याकडे एक हातब्रेक आणि एक घंटा, एवढंच. दोन घंटा म्हणजे सोडा, एक घंटा म्हणजे थांबा. थोरलीवर शिट्टी असतो. त्याला शिट्टी म्हणतात कारण तो सतत वाजवतो आणि सुरात कधी नाही. धाकटीवर काका. ते कोणाचेच काका नाहीत. पुढच्या वर्षी निवृत्त होणार म्हणून आत्तापासूनच सगळ्यांशी निरोपाच्या सुरात बोलतात.

खिडकीतून मला वरचा फलाट दिसतो. खालचा कधीच नाही. खाली काय चाललंय ते मला घंटेवरून आणि फोनवरून कळतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, तेच, फक्त शेळ्या दोनच आणि एकमेकींना बांधलेल्या.

*

तर, दोर.

आठ महिन्यांपूर्वी नवा दोर बसवला. पोलादी तारा वळून केलेला, मनगटाएवढा जाड. नवा दोर पहिल्या वर्षात लांबतो, सगळेच लांबतात. आमचा एक वीत लांबला.

आता एका दोराच्या दोन टोकांना दोन डबे असतील आणि दोर एक वीत जास्त असेल, तर वरचा डबा फलाटाला बरोबर लावला की खालचा एक वीत पुढे जाणार. रूळ उतारावर असल्यामुळे पुढे म्हणजेच खाली. उतारावरची एक वीत म्हणजे फलाटापाशी चार बोटं. खालच्या फलाटाला लागलेल्या डब्याचा तळ फलाटापेक्षा चार बोटं खाली बसतो.

खालचा बरोबर लावला, तर वरचा चार बोटं कमी पडतो. दोन्हीकडे बरोबर येत नाही. इकडे आड तिकडे विहीर, आणि मधे मी.

इलाज सोपा आहे. एका डब्याच्या पोटाखाली दोर चिमट्यांत आवळलेला असतो. चिमटे सोडायचे, दोर एक वीत ओढून घ्यायचा, पुन्हा आवळायचे. आम्ही त्याला दोर कापणं म्हणतो. खरं तर कापत कोणी नाही.

चार बोटं म्हणजे काय मोठं, असं तुम्ही म्हणाल. पाय असलेला प्रत्येक जण तेच म्हणतो.

*

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती खाली राहते आणि तिचं काम वर आहे, चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासण्याचं. नऊ वर्षांपूर्वी तिची कंबर गेली, तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीत आहे. कारखान्याने तिचं टेबल दोन विती खाली उतरवून दिलं, मोरीचं दार रुंद केलं. रोज सकाळी आठ चाळीसची गाडी, संध्याकाळी पाच वीसची. नऊ वर्षं तिने कोणाला "जरा धरता का?" असं विचारलं नाही. या एका गोष्टीचा तिला इतका माज आहे की विचारू नका. असू दे. मलाही आहे.

आता सकाळी काय होतं, तर ती दारातून आत जायला लागली की पुढची छोटी चाकं चार बोटं खाली पडतात, पायाखालची फळी डब्याच्या तळावर आपटते आणि खुर्ची ताईला पुढे ओतते. संध्याकाळी त्याच चार बोटांची भिंत होते.

मग दोन जण उचलतात. चांगली माणसं असतात. "घाबरू नका हं मावशी," म्हणतात. एकदा एकाने तिला काखेत धरलं आणि दुसऱ्याने खुर्ची, आणि दोघांनी ठरवलं नव्हतं की कोण आधी ठेवणार.

त्या संध्याकाळी मला तिचा फोन आला.

"मी सामान आहे का?"

"ताई, मी अर्ज देते. आठवड्याचं काम आहे."

"खालच्या टेलिफोन केंद्रात जागा आहे. घरापासून सपाट रस्ता. पहिल्या तारखेला त्यांना सांगायचंय."

"फोनवर बोलण्याचं काम? तू? तू लोकांशी बोलायला लागलीस की लोक फोन काढून टाकतील."

ती हसली नाही. म्हणाली, "पहिल्या तारखेपर्यंत तुझा दोर कापला गेला तर मी भिंगंच घाशीन. नाहीतर नाही. मला रोज कोणाच्या तरी काखेतून कामाला जायचं नाहीये."

पहिल्या तारखेला सात आठवडे होते.

*

माझा पहिला अर्ज, जसाच्या तसा:

"विषय: दोर कापणेबाबत. महोदय, थोरली खाली आली की चार बोटं खाली बसते. धाकटीचंही तेच. खालच्यांना चढायला उतरायला फार त्रास होतो. तरी दोर एक वीत कापावा ही विनंती."

यात काही चूक आहे? मला अजूनही दिसत नाही. आमच्याकडच्या कोणालाही दाखवा, तो पाना घेऊन निघेल.

पण मुख्य कार्यालयात थोरली म्हणजे कोण, हे कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या कागदांत डबा क्रमांक एक आणि डबा क्रमांक दोन. त्यांनी अर्ज वाचला आणि समजले की आमच्याकडे कोणी थोरली बाई कामाला आहे, तिची खुर्ची चार बोटं खाली गेली आहे, आणि धाकट्या बाईचीही तीच तक्रार. अर्ज गेला कर्मचारी कल्याण शाखेत. एकोणीस दिवसांनी खुर्ची आली. उंच बैठकीची, मऊ. दोर कापण्याबद्दल पत्रात अवाक्षर नव्हतं. मी फोन केला तर आवक-जावकच्या बाई म्हणाल्या, "ते आम्हाला वाटलं, खुर्चीला काहीतरी दोरी बांधलीय."

"बाई, गाडीचा दोर! गाडीचा!"

"मग तसं लिहायचं ना. आणि खुर्ची आवडली का?"

ताईला सांगितलं. मग ती म्हणाली, "खुर्ची? माझ्याकडे आहे."

शिट्टी त्या खुर्चीत बसून जेवतो. काकांनी तिच्याकडे बघून एवढंच म्हटलं, "मी जाताना द्यायची होती ना."

*

दुसरा अर्ज. आता डबा क्रमांक, मिलिमीटर, सगळं. उत्तर नऊ दिवसांत:

"नियम १२ अन्वये, वरच्या फलाटावरील पांढऱ्या खुणेशी डबा जुळत असल्यास मार्ग योग्य समजण्यात यावा. आपल्या अहवालानुसार डबा जुळतो. सबब मार्ग योग्य आहे."

तिसरा अर्ज मी स्वतः घेऊन गेले. उपअभियंता साहेब तरुण आहेत, टेबल स्वच्छ ठेवतात. मला बसायला सांगितलं, हे खरं बोललं पाहिजे.

"ठेकेदाराच्या करारात दोर बारा महिन्यांनी आखूड करायचा आहे," ते म्हणाले. "आता आठवा चालू आहे."

"दोराने करार वाचलेला नाही, साहेब."

"विनोद करू नका. मार्ग योग्य आहे असं आमच्या नोंदीत आहे. योग्य मार्ग दुरुस्त करायचा तर आधी तो अयोग्य ठरवावा लागेल. त्यासाठी नियम १२ बदलावा लागेल. नियम बदलायला किमान वर्ष लागतं. समिती आहे."

"वर्षाने तर करारही पिकेल."

"मग झालंच ना काम!" साहेब म्हणाले, आणि त्यांना खरंच आनंद झाला.

मधे शिट्टीने घरून एक उतरती फळी करून आणली. दोन दिवस छान चाललं. तिसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी 'फलाटावर सुटी वस्तू' म्हणून ती उचलून नेली. रीतसर पावती दिली. फळी एक, लाकडी.

*

परत येताना मी धाकटीने आले; यंत्रघरात त्या दिवशी बदलीचा माणूस होता. काकांच्या शेजारी उभी राहिले आणि सगळा राग त्यांच्यावर काढला. त्यांनी काय केलं होतं? काही नाही.

"वरच का जुळलं पाहिजे?" मी म्हटलं. "खाली काय माणसं राहत नाहीत? कोणत्या शहाण्याने लिहिला हा नियम बारा?"

"पाण्याने," काका म्हणाले.

"काय?"

"माझा बाप वर पाणी भरायचा. तुला सांगितलं नाही कधी? तेव्हा मोटर कुठली. डब्याच्या पोटात टाकी होती. वरच्या डब्याची टाकी भरायची, तो जड झाला की आपोआप खाली निघायचा आणि खालच्याला वर ओढायचा. खाली पोचला की टाकी गटारात रिकामी. पुन्हा वर भरायची. वरचा नळ टाकीच्या तोंडाशी बरोबर आला नाही तर सगळं पाणी फलाटावर. म्हणून ती पांढरी खूण. वर बरोबर पाहिजे, कारण वर भरायचं. खाली कसंही चालतं, कारण खाली नुसतं सांडायचं."

"आणि पाणी बंद होऊन किती वर्षं झाली?"

"मी शाळेत होतो."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. आमचं तर सुंभही नव्हतं, पाणी होतं, तेही वाहून गेलं. पीळ तेवढा नियम बारा म्हणून शिल्लक. एका नळाच्या तोंडासाठी आखलेली रेघ, आणि तिच्यापायी माझी बहीण कोणाच्या तरी काखेत.

मी विचारलं, "भरलं हे खालच्याला कळायचं कसं?"

"घंटा. तीन. पाणी पुरे." त्यांनी डोक्यावरच्या चौकटीतल्या नियमावलीकडे बोट दाखवलं. तिथे ती अजूनही होती. नियम ३१. कोणी काढलीच नव्हती.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. मधल्या दुभंगावर थोरली बाजूने गेली. शिट्टीने आम्हाला टोपी दाखवली.

*

युक्ती अशी. सकाळी आठ चाळीसच्या आधी धाकटी वर येते, पांढऱ्या खुणेला जुळते, माणसं उतरतात. काका दार लावतात. खाली थोरलीवर शिट्टी तीन घंटा देतो. मी चाक एक वीत उलटं फिरवते. थोरली चार बोटं वर येते, फलाटाला जुळते. ताई आत येते, स्वतः. मग दोन घंटा, आणि गाडी सुटते. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी ताई वर पोचते, मी तिला पांढऱ्या खुणेला जुळवते. ती उतरते, स्वतः. संध्याकाळी पाच वीसला हेच उलट: थोरली खाली पोचली की तीन घंटा, एक वीत, ताई बाहेर.

नियमांत सगळं बसत होतं. तीन घंटा नियमावलीत होत्या. दार बंद असताना डबा हलवता येतो, हा नियम ९. पाणी नव्हतं, पण घंटा दिल्यावर पाणी असलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय?

पहिल्या दिवशी शिट्टीचा फोन आला. "ताई विचारतेय, हे कसं झालं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, पाणी भरलं."

मागून ताईचा आवाज: "तिला सांग, वेडी आहे."

एवढंच. पण त्या दिवशी ती माझ्या खिडकीवरून जाताना तिने काचेवर बोटाची गाठ वाजवली. तीन वेळा.

*

तीन आठवडे.

*

मग एक गृहस्थ. रोज आठ चाळीसला वरून खाली जाणारे, हातात गरम पेला. माझ्या खालीवर करण्यात त्यांना रस नव्हता. काकांनी दार लावलं तेव्हा ते आत येऊन बसलेले होते, डबा चार बोटं खाली गेला, पेला सदऱ्यावर. त्यांनी लेखी तक्रार दिली: "गाडी सुटण्यापूर्वी माझ्याशी चेष्टा करते."

उपअभियंता साहेब दुसऱ्या दिवशी वर आले. मी सगळं सांगितलं. लपवण्यासारखं काय होतं? त्यांनी नियम ९ वाचला. नियम ३१ वाचला. पुन्हा वाचला. चूक सापडत नव्हती आणि ती सापडत नसल्याचा राग त्यांच्या मानेवरून कानांपर्यंत चढत गेला.

"पाणी कुठे आहे?"

"पुरे झालं, साहेब. म्हणून तर घंटा."

"तुम्ही यंत्रणेची थट्टा करताय."

"मी एक वीत मागतेय. सात आठवडे झाले. मला खुर्ची दिलीत."

ते गेले. आणि मग ऐका. नियम बदलायला किमान वर्ष लागतं, समिती आहे, असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांनी साडेतीन तासांत नियम ३१ रद्द करून घेतला. सव्वाचारला फोन. "नियम ३१ वगळण्यात आला आहे. आत्तापासून लागू. उद्या पहिली तारीख. मी स्वतः येऊन नवी नियमावली लावतो."

मी म्हटलं, "समिती?"

"तातडीची बाब होती."

मी रिसीव्हर ठेवला तो इतका जोरात की शेजारच्या दाब मोजायच्या काट्याने उडी मारली.

त्या संध्याकाळी ताईला दोन जणांनी बाहेर काढलं. मी फोन केला नाही. तिने केला नाही. सांगायचं काय? की माझ्याच हातातल्या दोराला तू बांधलेली आहेस आणि मला एक वीत सोडता येत नाही?

*

पहिली तारीख. आठ पस्तीस.

धाकटी वर. तिच्यातून साहेब उतरले, गुंडाळी उघडली, नवी नियमावली डब्यात लावली. वरच्या फलाटावर दुसरी लावली. तीस, बत्तीस. मधे काही नाही. साहेबांना खाली बैठक होती, ते धाकटीतच परत बसले. काकांनी दार लावलं.

आठ चाळीस. धाकटीच्या दोन घंटा आल्या. थोरलीच्या नाहीत.

आठ चव्वेचाळीस.

साहेब दार उघडून यंत्रघराच्या खिडकीशी आले. "का थांबलीय?"

"खालून घंटा नाही, साहेब."

"फोन करा."

मी केला. शिट्टीने उचलला, आणि तो वाजवत नव्हता.

"ताई दारात आहे," तो म्हणाला.

"दारात म्हणजे?"

"खुर्ची फलाटाच्या कडेला. पायाची फळी दाराच्या आत. दार लागत नाही. उचलू का विचारलं तर नको म्हणते. बाजूला होता का विचारलं तर नको म्हणते. हात लावला तर चावीन म्हणते."

"असं म्हणाली?"

"चावीन मी घातलं. बाकीचं तिचं."

"लोक?"

"ओरडतायत. एक बाई तिच्या बाजूने ओरडतायत. मोठा आवाज आहे."

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"आपण निघू शकत नाही का? खालचा राहू दे तिथेच."

"एकच दोर आहे, साहेब. एक अडली की दोघी अडतात."

हे त्यांना माहीत होतं. अभियंते आहेत. पण माहीत असणं वेगळं आणि बैठकीला उशीर होत असताना फलाटावर उभं राहून कळणं वेगळं.

"मग जरा वर घ्या ना त्यांना! चार बोटांचा तर प्रश्न आहे!"

आयुष्यात मी इतका वेळ कोणाकडे पाहिलं नव्हतं.

"त्यांना वर घेतलं की तुमचा डबा खाली जातो," मी म्हटलं. "चार बोटं."

"जाऊ द्या!"

"घंटेशिवाय हलवता येत नाही. दोनची घंटा दिली तर गाडी सुटते. तीनची होती."

काकांनी धाकटीच्या दारातून मान बाहेर काढली आणि निरोपाच्या सुरात म्हणाले, "तीनची चांगली होती."

"मी सांगतोय ना!" साहेब म्हणाले. "मी जबाबदार अधिकारी आहे, मी सांगतोय!"

"लेखी द्या."

"बाई..."

"तुम्हीच शिकवलंत साहेब. आधी मार्ग अयोग्य ठरवावा लागतो."

आठ बावन्न. खालच्या फोनमधून ओरडणं ऐकू येत होतं, कारण शिट्टीने रिसीव्हर उघडाच ठेवला होता. साहेबांनी खिशातून पेन काढलं. कागद नव्हता. मी त्यांना कागद दिला नाही. त्यांनी गुंडाळीतली उरलेली नियमावली उलटी केली, खिडकीच्या कठड्यावर ठेवली आणि लिहिलं. मी मोठ्याने वाचलं:

"खालचा डबा फलाटाशी समपातळीत नसल्याने चालकाने चाक एक वीत फिरवावे. फक्त आजपुरते." सही. तारीख.

समपातळीत नसल्याने. नोंदीत पहिल्यांदा.

मी चाक फिरवलं. एक वीत. साहेब फलाटावर उभे होते, भरलेली धाकटी त्यांच्या समोर चार बोटं खाली उतरली. मिनिटभराने थोरलीच्या दोन घंटा आल्या. साहेब घाईने आत शिरायला गेले, पायरी आहे हे विसरले, आणि काकांनी त्यांना काखेत धरलं.

*

नऊला दोन मिनिटं कमी असताना ताई वर आली. कारखाना दारापासून सहा मिनिटांवर. ती थांबायला नको होती, पण थांबली. खिडकीशी आली. चेहरा पांढरा, ओठ घट्ट, लहानपणी खोटं बोलताना व्हायचा तसा. पण खोटं ती बोलत नव्हती.

"किती लोकांचा उशीर झाला?"

"दोन्ही डबे भरून. दीडशे."

"मला लाज वाटली," ती म्हणाली. "खूप. तिथे बसून मी भिंतीकडे बघत होते. एक मुलगी रडत होती, तिची परीक्षा होती म्हणे."

मी नोंदवही उघडून उशिराची वेळ लिहिली.

"पण उचललं नाही कोणी," ती म्हणाली.

"टेलिफोनवाल्यांना काय कळवणार?"

"सकाळीच कळवलं."

"काय?"

"उद्या सांगते म्हणून."

तिने चाकांवर हात ठेवले आणि निघाली. मग मागे न बघता म्हणाली, "आणि तुझ्या साहेबांना सांग, कागद जरा मोठे आणत जा. यात आजपुरतंच मावलं."

*

संध्याकाळी पाच वीसला साहेब नव्हते. 'फक्त आजपुरते'चा आज अजून संपलेला नव्हता, म्हणून मी चाक फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई पुन्हा दारात. मी मुख्य कार्यालयाला फोन केला, कागद पाहिजे. आठ चाळीसची नऊ पाचला सुटली. तिसऱ्या दिवशी कागद शिपायाबरोबर आधीच आला. चौथ्या दिवशी त्यांनी छापून आणले, तारखेची जागा मोकळी सोडून. सही मात्र रोज ताजी लागते. कायमची का देत नाही विचारलं तर म्हणाले, कायमची म्हणजे नियम, आणि नियमाला समिती.

माझ्याकडे अकरा कागद झालेत. प्रत्येकात मार्ग अयोग्य, फक्त आजपुरता. नोंदवहीत तो रोज संध्याकाळी योग्य होतो.

ताई टेलिफोनवाल्यांना रोज उद्या सांगते म्हणते. त्यांनी जागा अजून भरलेली नाही. ती रोज सकाळी चाकं कडेला लावते आणि कागद येईपर्यंत थांबते. लोक आता ओरडत नाहीत, घड्याळं पाच मिनिटं मागे धरतात. ज्यांना नवीन कळतं ते वैतागून मला हात दाखवतात. मीही दाखवते.

*

जुन्या नोंदवहीत लिहिलंय: अगदी पहिला दोर बसवल्यानंतर सातव्या महिन्यात एक वीत लांबला होता. दोन माणसांनी तो एका सकाळी, पहिली गाडी सुटायच्या आधी, चाळीस मिनिटांत आखूड केला.